झॉरिसो आणि डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू : डेबियनवरील वापराचे परीक्षण

लिनक्सवर डिस्क लिहायची म्हटली की बहुतेक जण के-थ्री-बी किंवा ब्रासेरो उघडतात, फाईली ओढून टाकतात आणि बटण दाबतात. एकदाच लिहायच्या सीडीसाठी किंवा डीव्हीडीसाठी एवढे पुरते. परंतु जी डिस्क दर महिन्याला कपाटातून काढून तिच्यावर फक्त बदललेल्या फाईलींची भर घालायची आहे, जिच्यावरची मागच्या महिन्याची अवस्थाही हवी तेव्हा पाहता यायला हवी आणि भरली की कोरी करून जी पुन्हा वापरात आणायची आहे, तिच्यासाठी हे प्रोग्रॅम अपुरे पडतात. या कामासाठी मी झॉरिसो हा टर्मिनलवर चालणारा मुक्त प्रोग्रॅम वापरतो. आमच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची, सभासदांच्या नोंदी, वर्गणीचे हिशेब आणि जुन्या दिवाळी अंकांची निवडक स्कॅन केलेली पाने यांची राखीव प्रत मी डेबियन १२ या लिनक्स प्रणालीच्या संगणकावरून, यूएसबीला जोडायच्या साध्या स्लिम डीव्हीडी रायटरने, डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू या पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर ठेवतो. या विशिष्ट कामासाठी लिनक्सवर याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र झॉरिसोचे गुण हातातल्या डिस्कच्या जातीवर इतके अवलंबून आहेत की डिस्कविषयी बोलल्यावाचून या प्रोग्रॅमचे परीक्षण होऊ शकत नाही.

आजच्या काळात डिस्क कशाला, हा प्रश्न योग्यच आहे. बाहेरची हार्ड डिस्क आणि पेनड्राईव्ह स्वस्त आहेत, मोठे आहेत आणि वेगवानही आहेत. पण ते संगणकाला जोडलेले असताना जे संगणकाच्या फाईलींचे होईल तेच त्यांचेही होऊ शकते. फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या प्रत्येक ठिकाणी पोहोचतात आणि चुकून दिलेली एक पुसण्याची आज्ञाही तिथवर जाते. लिहून झालेली डिस्क कपाटात असते, आणि तिच्यावर पुन्हा लिहायचे तर ती ट्रेमध्ये ठेवून जाणीवपूर्वक आज्ञा द्यावी लागते. छोट्या संस्थेच्या, चार-साडेचार जीबीत मावणाऱ्या आणि सतत थोड्याथोड्या बदलणाऱ्या नोंदींसाठी ही व्यवस्था मला आजही सर्वांत निश्चिंत वाटते. कायमच्या जतनासाठी मात्र पुन्हा लिहिता येणारी डिस्क वापरू नये. त्यासाठी एकदाच लिहायची चांगली डिस्क घ्यावी.

झॉरिसोची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. युनिक्स घराण्यातील प्रणालींवर सीडी लिहिण्याचा पाया योर्ग शिलिंग यांच्या सीडीरेकॉर्ड या प्रोग्रॅमने घातला. २००६ मध्ये तो ज्यात होता त्या प्रोग्रॅमसंचाच्या परवान्यावरून मतभेद झाले आणि डेबियनने त्याची सीडीकिट ही स्वतंत्र शाखा काढली; वोडिम आणि जेनआयएसओइमेज हे प्रोग्रॅम तिच्यातले. त्या शाखेची शेवटची आवृत्ती २०१० ची आहे. डीव्हीडीसाठी अँडी पोल्याकोव यांचा ग्रोआयसोएफएस हा प्रोग्रॅम अतिशय भरवशाचा होता आणि आजही चालतो, पण त्याची शेवटची आवृत्ती, ७.१, ही २००८ ची. के-थ्री-बीसारखे प्रोग्रॅम पडद्याआड याच जुन्या साधनांकडून काम करवून घेतात. थोमास श्मिट यांनी सांभाळलेला लिबबर्निया प्रकल्प मात्र चालू राहिला आणि झॉरिसो हे त्याच प्रकल्पाचे फळ आहे. डेबियन आपल्या इन्स्टॉलेशनच्या आयएसओ प्रतिमा (म्हणजे पूर्ण डिस्क सामावणाऱ्या फाईली) झॉरिसोने बनवते, आणि संगणक सुरू करून देणाऱ्या ग्रब बूटलोडरची बचाव-डिस्क बनवण्याची आज्ञाही त्याच्यावरच विसंबून असते. म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी डिस्क लिहिलेली नाही, असे लाखो लोकही या प्रोग्रॅमने तयार केलेल्या प्रतिमा वापरत आहेत. राखीव प्रतीच्या साधनाबाबत हा अनुभव मला महत्त्वाचा वाटतो.

आता डिस्ककडे वळू. पुन्हा लिहिता येणाऱ्या सर्व डिस्कमध्ये एका मिश्रधातूचा पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेने त्याचा लहानसा ठिपका स्फटिकरूप किंवा अस्फटिक होतो, आणि या दोन अवस्थांच्या परावर्तनातील फरक म्हणजेच लिहिलेली माहिती. हे परावर्तन मुळात कमी असते. साधी सीडी सुमारे ७० टक्के प्रकाश परत पाठवते, तर सीडी-आरडब्ल्यू १५ ते २५ टक्केच. म्हणूनच जुने प्लेअर सीडी-आरडब्ल्यू वाचायला नकार देत. सीडी-आरडब्ल्यू १९९७ मध्ये आली आणि तिच्यावर सुमारे हजार वेळा लिहिता येते असे मानले जाते, पण ७०० एमबीची क्षमता आणि कोरी करण्यास लागणारा वेळ पाहता आज तिचा विचार करण्याचे कारण उरलेले नाही.

डीव्हीडीमध्ये तीन जाती आहेत, आणि दुकानात त्या शेजारीशेजारी ठेवलेल्या असल्या तरी लिनक्सवर त्यांचे वागणे अगदी भिन्न आहे. मायनस आरडब्ल्यू कोरी असताना क्रमाने लिहिण्याच्या अवस्थेत असते. तिच्यावर पुन्हा लिहिण्याआधी ती कोरी करावी लागते, आणि इथेच खरी अडचण आहे: ‘जलद’ पद्धतीने कोरी केलेली मायनस आरडब्ल्यू डिस्क एका दमात, एकाच सत्रात (म्हणजे एकाच वेळच्या लिखाणात) लिहावी लागते आणि तिच्यावर पुढची भर घालता येत नाही. पूर्ण कोरी करायची तर पूर्ण डिस्क लिहिण्याइतका वेळ जातो. ती फॉरमॅट करून मर्यादित पुनर्लेखनाच्या अवस्थेत आणली की ही अडचण दूर होते, आणि झॉरिसोला ही फॉरमॅटची आज्ञा उत्तम समजते. परंतु ज्याला हे ठाऊक नाही तो डिस्कला, ड्राईव्हला किंवा लिनक्सला दोष देत बसतो.

प्लस आरडब्ल्यूमध्ये यातले काहीच नाही. ती एकदा फॉरमॅट झाली की जुन्या मजकुरावरच थेट लिहिण्यास कायम तयार असते. हे पहिले फॉरमॅटिंगही लिहिताना आपोआप आणि बहुतांशी पार्श्वभूमीवर होते. तिला ‘कोरी’ करणे म्हणजे झॉरिसोच्या लेखी सुरुवातीची ओळख पुसणे, आणि ते क्षणात होते. क्षमता ४.७ जीबी, नेमके सांगायचे तर ४,७०,०३,७२,९९२ बाइट, म्हणजे संगणक दाखवतो त्या हिशेबाने सुमारे ४.३८ जीबी. तिसरी जात डीव्हीडी-रॅम. ती एक लाख वेळा लिहिता येते असे सांगितले जाते आणि लिनक्स तिला जवळजवळ हार्ड डिस्कप्रमाणे वागवते, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या तीच श्रेष्ठ. पण ती आपल्याकडे सहज मिळत नाही, प्रत्येक ड्राईव्ह तिला वाचत नाही, आणि संकटाच्या वेळी दुसऱ्याच्या संगणकावर उघडत नसेल तर राखीव प्रतीचा उपयोग काय? माझी शिफारस त्यामुळे निःसंदिग्धपणे प्लस आरडब्ल्यूची आहे. याहून मोठी जागा हवी असेल तर ब्लू-रेची बीडी-आरई ही २५ जीबीची डिस्क याच स्वभावाची आहे.

झॉरिसोचे खरे सामर्थ्य सत्रांच्या हाताळणीत आहे. प्लस आरडब्ल्यूवर क्रमाने लिहिलेली सत्रे ही कल्पनाच मुळात नाही. तिथे फक्त वरून लिहिता येणारे ठोकळे, म्हणजे माहितीचे ठराविक आकाराचे तुकडे असतात. तरीही झॉरिसो प्रत्येक भरीला स्वतंत्र सत्राचे रूप देतो, जुन्या सत्रांची सूची डिस्कवरच जपतो आणि सुरुवातीची नोंद ताज्या सत्राकडे वळवतो. परिणामी डिस्क कोणत्याही संगणकात टाकली की ताजी अवस्था दिसते. आणि ‘टीओसी’ ही आज्ञा दिली की सर्व जुन्या सत्रांची यादी, प्रत्येकाचे नाव आणि ते कुठून सुरू होते तो ठोकळा, असे सारे समोर येते. त्यातले हवे ते सत्र माउंट करण्यासाठी, म्हणजे त्यातल्या फाईली पाहता येतील असे प्रणालीला जोडण्यासाठी, लागणारी लिनक्सची आज्ञासुद्धा झॉरिसोच तयार करून देतो. एखाद्या सभासदाची नोंद दोन महिन्यांपूर्वी काय होती, हे मला त्या महिन्याचे सत्र उघडून पाहता येते. केवळ या एका सोयीसाठी मी बाकीची साधने सोडली.

दर महिन्याचे काम एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये मावते. आधी ‘फॉर-बॅकअप’ हा पर्याय द्यायचा. त्याने हार्ड लिंक, फाईलींचे विस्तारित गुणधर्म, परवानग्यांच्या याद्या आणि एमडी-५ बेरजा (मजकूर बदलला की बदलणारे पडताळणीचे आकडे) डिस्कवर नोंदल्या जातात. मग ‘असर्ट-व्हॉलआयडी’ या आज्ञेने डिस्कचे नाव अपेक्षित नमुन्याचे आहे का ते तपासायचे. तसे नसेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. एकाहून अधिक डिस्क आळीपाळीने वापरणाऱ्याला ही तपासणी फार मोलाची आहे, कारण चुकीची डिस्क ट्रेमध्ये ठेवण्याची शक्यता नेहमीच असते. त्यानंतर ‘अपडेट-आर’ ही आज्ञा संगणकावरचा फोल्डर आणि डिस्कवरचा फोल्डर ताडून पाहते, बदललेल्या फाईली तेवढ्या लिहिते, आणि संगणकावरून काढून टाकलेल्या फाईली नव्या सत्राच्या सूचीतून वगळते. जुन्या सत्रात त्या तशाच राहतात. ‘डिस्क-डेव्ह-आयनो’ हा पर्याय पहिल्यापासून चालू ठेवला असेल तर ही तुलना फाईलींचा मजकूर न वाचता होते आणि वेळ पुष्कळ वाचतो. शेवटी ‘कमिट’. बदल थोडे असतील तर सारे काम चहा थंड होण्याआधी आटोपते.

पडताळणीच्या बाबतीत तर झॉरिसोला तोड नाही. लिहून झाले की डिस्कवरील प्रत्येक फाईल तिच्याच सोबत नोंदलेल्या एमडी-५ बेरजेशी ताडून पाहता येते. ही तपासणी मूळ फाईलींविनाही होते, म्हणजे वर्षभराने मूळ संगणक नसला तरी डिस्कवरचा मजकूर जसाच्या तसा आहे की नाही हे डिस्कच सांगते. याशिवाय ‘चेक-मीडिया’ ही आज्ञा डिस्कचा प्रत्येक भाग वाचून कोणता भाग नीट वाचला, कोणता सावकाश आणि कोणता वाचलाच नाही याचा अहवाल देते. सावकाश वाचले जाणारे पट्टे दिसू लागले की त्या डिस्कची निवृत्ती जवळ आली असे समजावे. त्याहून पुढची सोय अशी की वाचलेला मजकूर एका फाईलीत साठवत जाता येतो आणि कोणते ठोकळे मिळाले याचा नकाशा वेगळा ठेवता येतो. मग तीच डिस्क दुसऱ्या ड्राईव्हमध्ये टाकून फक्त राहिलेले ठोकळे मिळवण्याचा प्रयत्न करता येतो. ओरखडे पडलेल्या डिस्कबाबत दोन ड्राईव्ह एकाच जागी अडखळतीलच असे नाही, हे ज्यांनी जुन्या डिस्क वाचवल्या आहेत त्यांना पटेल.

ड्राईव्हविषयी सांगण्यासारखे कमी आहे. यूएसबीचे डीव्हीडी रायटर सर्व जण एकच आज्ञावली बोलतात, त्यामुळे लिनक्सवर त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जोडताच ‘डेव्ह’ निर्देशिकेत ‘एसआर०’ दिसू लागते, आणि डेबियनमध्ये आपले खाते ‘सीडीरॉम’ गटात असले की रूटचे (प्रशासकाचे) अधिकारही लागत नाहीत. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. पहिली, स्लिम ड्राईव्हचा ट्रे स्वतःहून आत जात नाही. लिहून झाल्यावर ट्रे बाहेर काढून पुन्हा आत घेणे आणि मग पडताळणी करणे असा क्रम जे प्रोग्रॅम पाळतात, ते अशा ड्राईव्हसमोर अडून राहतात. म्हणून स्क्रिप्टमध्ये त्या ठिकाणी थांबून ट्रे हाताने ढकलण्याची सूचना छापावी. दुसरी, लिहिताना ड्राईव्हला वीज अधिक लागते. पॉवर नसलेल्या हबवर किंवा लांब वायरीवर तो भर कामात गळपटू शकतो, तेव्हा तो संगणकाच्या स्वतःच्या पोर्टलाच जोडावा. वेगाचे म्हणाल तर डीव्हीडीचा एकपट वेग सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी असतो, म्हणजे चौपट वेगाच्या प्लस आरडब्ल्यूवर पूर्ण डिस्क लिहायला साधारण चौदा-पंधरा मिनिटे लागतात. यूएसबी २.० ला हे सहज पेलते, त्यामुळे केवळ ‘३.०’ असे लिहिले आहे म्हणून महाग ड्राईव्ह घेण्याचे कारण नाही.

बीडी-आरई आणि डीव्हीडी-रॅम वापरणाऱ्यांना वेग अपेक्षेच्या निम्माच दिसेल. कारण लिहिलेला प्रत्येक भाग ड्राईव्ह स्वतः वाचून तपासतो आणि खराब भागाऐवजी राखीव जागा वापरतो. ‘स्ट्रीम-रेकॉर्डिंग’ हा पर्याय चालू केला की ही तपासणी थांबते आणि वेग दुप्पट होतो. राखीव प्रतीसाठी मी ती तपासणी चालूच ठेवण्याचा सल्ला देईन. वेळ जातो, पण दोष लिहितानाच पकडला जातो.

दोषही स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. झॉरिसोचे माहितीपत्रक अत्यंत सविस्तर आहे, पण नवख्याला त्यात वाट सापडणे कठीण. शंभराहून अधिक आज्ञांचे ते दाट जंगल आहे, आणि मराठीत तर या विषयावर वाचायला जवळजवळ काहीच नाही. आज्ञा ज्या क्रमाने लिहाल त्याच क्रमाने पार पडतात, म्हणून एखादा पर्याय उशिरा लिहिला तर तो आधीच्या फाईलींना लागू होत नाही आणि प्रोग्रॅम तक्रारही करत नाही. शिवाय प्रोग्रॅममधून बाहेर पडताना तो राहिलेले बदल आपोआप लिहून टाकतो. ते नको असतील तर ‘रोलबॅक-एंड’ म्हणूनच बाहेर पडावे लागते. डेस्कटॉपने डिस्क आपोआप माउंट केलेली असेल तर लिहिण्यास तो नकार देतो. हा नकार योग्यच आहे, पण त्यामागचे कारण संदेशातून चटकन उमगत नाही. आधी अनमाउंट करावे, एवढाच उपाय.

झॉरिसो फक्त आयएसओ ९६६० ही फाईलप्रणाली, म्हणजे डिस्कवर फाईली मांडण्याची पद्धत, लिहितो. यूडीएफ ही दुसरी पद्धत त्याला येत नाही, त्यामुळे टीव्हीच्या प्लेअरवर चालणारी व्हिडिओ डीव्हीडी त्याने बनवता येत नाही. गाण्यांची सीडीही नाही, तिच्यासाठी त्याच प्रकल्पातला सीडीआरस्किन वापरावा. फाईल सूचीतून काढली तरी तिची जागा मोकळी होत नाही, डिस्क पूर्ण कोरी केल्यावरच ती परत मिळते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्लस आरडब्ल्यू क्षणात कोरी होते याचा अर्थ जुना मजकूर तिच्यावर तसाच असतो. सभासदांची माहिती असलेली डिस्क दुसऱ्याच्या हाती द्यायची किंवा टाकून द्यायची असेल, तर आधी ती शून्यांनी शेवटपर्यंत भरावी. पंधरा मिनिटांचे हे काम टाळणे म्हणजे लोकांची खासगी माहिती रस्त्यावर ठेवण्यासारखे आहे.

काही जण विचारतात की प्लस आरडब्ल्यू थेट माउंट करून तिच्यावर पेनड्राईव्हसारख्या फाईली का टाकू नयेत. लिनक्समध्ये ते शक्य आहे, पण मी ते करत नाही. डीव्हीडीवरचा लिहिण्याचा सर्वांत लहान ठोकळा ३२ केबीचा असतो. फाईलप्रणाली मात्र त्याहून लहान तुकडे विस्कळीतपणे लिहिते, आणि काही ड्राईव्ह अशा वेळी अतिशय मंदावतात. हे तुकडे जुळवून देणारा पीकेटीसीडीव्हीडी हा कर्नेलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) भाग २००४ मध्ये २.६.१० या आवृत्तीत आला, पण २०१६ मध्ये तो कालबाह्य म्हणून नोंदला गेला; नव्या व्यवस्थेची उभारणी त्याच्यावर करू नये. शिवाय फाईलप्रणालीची सूची एकाच जागी पुन्हापुन्हा लिहिली जाते आणि प्लस आरडब्ल्यूची सुमारे हजार पुनर्लेखनांची मर्यादा त्याच जागी आधी गाठली जाते. ज्यांना हा मार्ग हवाच असेल त्यांनी निदान ‘नोअटाईम’ हा पर्याय देऊन माउंट करावे, म्हणजे नुसती फाईल वाचल्याने डिस्कवर लिखाण होणार नाही.

युनिक्स घराण्यातल्या फ्रीबीएसडी या प्रणालीवरही झॉरिसो मिळतो आणि तिथे ड्राईव्ह ‘सीडी०’ या नावाने दिसतो. मात्र सामान्य वापरकर्त्याला ‘सीडी’सोबत ‘पास’ आणि ‘एक्सपीटी’ या उपकरणांचीही परवानगी द्यावी लागते. ती न दिल्यास ड्राईव्ह सापडतच नाही. यूडीएफवर थेट लिहिण्याची हौस असलेल्यांनी त्याच घराण्यातली नेटबीएसडी पाहावी, तिथे ती सोय ५.० पासून कर्नेलमध्येच आहे.

डिस्कच्या पुरवठ्याविषयी आजच विचार करायला हवा. एके काळी आपल्या घराघरांत दिसणाऱ्या कोऱ्या डिस्क बनवणारी नोएडाची मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. पॅनासॉनिकने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन २०२३ मध्ये आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ड्राईव्ह अजून सहज मिळतो, पण आरडब्ल्यू डिस्क मुद्दाम मागावी लागते आणि दुकानदार अनेकदा मायनस आरडब्ल्यू किंवा एकदाच लिहायची आर डिस्क पुढे करतो. खोक्यावर ‘प्लस’ आणि ‘आरडब्ल्यू’ ही दोन्ही अक्षरचिन्हे वाचूनच पैसे द्यावेत. घरी आणल्यावर प्रत्येक डिस्क एकदा शून्यांनी पूर्ण भरून ‘चेक-मीडिया’ने तपासावी, आणि पहिल्याच वाचनात अडखळणारी डिस्क राखीव प्रतीसाठी न वापरता बाजूला काढावी.